आडवा फर्मा

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा धडा मिळाला. शाळेत जायच्या आधी तू मला घरी शिकवायचीस, तेव्हा गोष्ट सांगून विचारायचीस, यातलं कोण आवडलं आणि का. चोवीस वर्षांची झाले तरी टपालानं तेच चालू आहे. बाबा म्हणतात, आत्याची मास्तरकी काही निवृत्त होत नाही.

या वेळी उपनिषदातला सत्यकाम पाठवलास. गुरूंनी कूळ विचारलं आणि त्यानं, आईलाही ते ठाऊक नाही, असं जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या धैर्यावर मी तीन पानं लिहिली आणि फाडली. माझ्या तोंडी त्याचं कौतुक शोभत नाही.

इथे पुस्तकबांधणीच्या कारखान्यात माझी चूक दुसऱ्याच्या नावावर चढली आहे. एका वाचनालयाचं जुनं पुस्तक उसवून नव्यानं शिवायचं होतं. त्यातला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, डागडुजी करून वाळत ठेवला होता. त्याची जागा कळावी म्हणून शिलाईच्या मावशींनी गठ्ठ्यातला शेजारचा फर्मा आडवा ठेवला. वाळलेला फर्मा जो आत घालील, त्यानंच आडवा सरळ करायचा, अशी इथली रीत. मी नवी. मला नुसता पसारा दिसला, आणि हाताखालची वस्तू नीट केल्याशिवाय पुढे जायचं नाही या तुझ्या शिस्तीनं मी गठ्ठा ठोकून सरळ केला. मावशींना वाटलं, फर्मा आत गेला. त्यांनी सोळा पानांशिवाय पुस्तक शिवलं.

पुठ्ठा चढल्यावर ते उघडकीला आलं. मावशी परोपरीनं सांगत होत्या की गठ्ठा सरळ होता. मालक सगळ्यांदेखत म्हणाले की आडवं-उभंही दिसत नसेल तर सुई खाली ठेवा. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं नाही. कालपासून त्या खळ लावायला बसतात. तीस वर्षं त्यांनी शिलाई केली आहे.

रागाव, पण उत्तर पाठव.
तुझी,
टाचणी

८ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. शिस्त माझी, हे कबूल. लहानपणी तू झोपलेल्या मांजराची शेपूटसुद्धा सरळ करायचीस, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण गप्प बसण्याचा धडा मी दिला नव्हता. तो तुझा तूच गिरवलास.

काय करायचं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर आत्याच्या शब्दाखातर केलं, असं म्हणायला तू मोकळी होशील. धडा मात्र तू अर्धाच वाचलास. मुलाला गुरूंची शाबासकी मिळाली म्हणून तो तुझ्या नजरेत भरला. त्याच्याआधी घरात त्याची आई, जबाला, पोटच्या पोराला काय म्हणाली ते वाच. आणि तिची पाठ कोणी थोपटली तेही शोध.

जेवत जा. लोभ आहेच, तो काही तुझ्या गुणांवर बेतलेला नाही.
आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शोधलं. तिची पाठ कोणीच थोपटली नाही. चार घरी राबत होते, तेव्हा तू झालास, कूळ मला ठाऊक नाही, एवढंच ती सांगते. आणि वर म्हणते, माझं नाव लाव. लपवण्यासारखं होतं तिथेच तिनं आपलं नाव दिलं.

मी मालकांना सांगायचं भाषण पाठ केलं होतं. त्यात माझं नवखेपण होतं, तुझी शिस्त होती, आणि सहा वाक्यांनंतर कुठे मी होते. ते सगळं टाकलं. काल चहाच्या वेळी, सगळे असताना, दाबयंत्राची कड धरून मी म्हणाले की तो फर्मा मी सरळ केला, आणि त्या दिवशी मी इथेच उभी होते. मालकांनी विचारलं, इतके दिवस का थांबलीस. भीती वाटली, असं सांगितलं. ते म्हणाले, पुस्तक तूच उसवायचंस, मावशींच्या समोर बसून. आणि मावशींना त्यांच्या जागेवर जायला सांगितलं.

मला वाटलं होतं, मावशी पोर म्हणून पोटात घालतील. त्यांनी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि म्हणाल्या की बाई गं, मी डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले नजर ठीक आहे, तर मला वाटलं डॉक्टरच चुकतोय. लेक मला हात धरून रस्ता ओलांडायला लावते, आणि मी ओलांडते. मग म्हणाल्या की माझ्या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही.

आत्या, त्यांचं काम गेलं एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला होता, हे मला सुचलंही नव्हतं. सांगून टाकल्यावर लाज उतरते म्हणतात. माझी वाढली. जबालेला नंतर मुलाच्या तोंडाकडे बघवलं का, ते गोष्टीत नाही.

आज सकाळी उसवायला बसले. मावशींनी मान वर केली नाही. मी दोनदा चुकीचा धागा कापायला गेले, दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे न बघता बोटानं टेबल वाजवलं. पुस्तक उसवायला आठवडा लागेल. मी रोज तिथे बसणार आहे.

माया उरली असेल तर पुढचा धडा पाठव.
तुझी,
टाचणी