पुदिन्याचं कॉकटेल आणि हिची चव

४ मे
कॉकटेल करायचं ठरवलं. मी! ज्याने आयुष्यभर बांधकामावर काँक्रीट सोडून काही कालवलं नाही.

हिचे केमोचे उपचार संपले, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पाण्यालासुद्धा लोखंडाचा वास येतो म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चव येईल हळूहळू. पण पोटात पाणी गेलं नाही, तर सलाईनसाठी परत दाखल करावं लागेल." परत दाखल म्हटल्यावर ही भिंतीकडे तोंड करून झोपली. मला भीती वाटते आहे.

५ मे
कलिंगड, संत्रं, लिंबू, पुदिना, सोडा. दारू नाही — डॉक्टरांची सक्त मनाई. मुलीने फोनवर बजावलं, "बाबा, पुदिना नुसता हाताने चुरायचा. कुटायचा नाही!" छे! ठोकल्याशिवाय काही बसतं का? चांगला कुटला. लिंबू सालीबियांसकट मिक्सरात. रंग शेवाळलेल्या टाकीचा, पण हिने अख्खा ग्लास संपवला. "छान झालंय." मी दिवसभर हवेत!

६ मे
आजही "छान". हॉटेल काढावं की काय?

८ मे
नाक कापलं गेलं. शेजारचे वकील आले होते, फुशारकीने त्यांनाही ग्लास दिला. एक घोट घेतला आणि धावले बेसिनकडे. "अहो, हे कडूजहर आहे!"

मी चाखून पाहिलं. पहिल्यांदाच! काँक्रीट कोण चाखून बघतं? घसा सोलून निघाला.

हिला म्हटलं, हे तू रोज पीत होतीस? "मला कुठे काय कळतंय? तुम्ही ग्लास धरून असे उभे राहता... म्हणून पिते."

स्वयंपाकघरात जाऊन रडलो. कांद्याची सबब सांगायची, तर घरात कांदाही नव्हता.

९ मे
मुलीच्या शब्दाबाहेर गेलो नाही. पुदिना चुरला, लिंबू पिळलं, साखर सढळ हाताने घातली. आधी स्वतः प्यायलो — चक्क बरं लागलं! हिला दिलं.

"छान." सूर तोच. बसलो खट्टू होऊन.

१३ मे
आज हिने एक घोट घेऊन ग्लास बाजूला सारला. "अहो, काय हे गोडमिट्ट! साखरेचं पोतं ओतलंत की काय?"

मी म्हटलं, काय म्हणालीस?

हिने ग्लास पुन्हा ओढून घेतला, हळूच एक घोट घेतला.

"गोड आहे हो," म्हणाली.