लपवलेला पंप

१२ नोव्हेंबर
अंगणवाडीत दम्याची सभा घेतली. अठरा आया, पाच आज्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला बुडाशी भोक पाडून पंप कसा बसवायचा, लेकरानं तोंड लावून श्वास कसा घ्यायचा — सगळं करून दाखवलं. "पंपाची लाज धरू नका! पोरीची बिमारी लपवू नका!" गावची आशाताई म्हणून मी ठणकावून सांगितलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

माझा स्वतःचा पंप कपाटात, पॅडच्या पाकिटात. तिथे कोणी हात घालत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. कुलदीपला माहीत नाही, सासूबाईंना नाही. तेव्हा आई म्हणाली होती, "सांगू नको वो रश्मी. दम्याची पोरगी म्हटलं की सोयरिक मोडते."

१५ नोव्हेंबर
माझी लेक रिना पहाटे खोकते. तिसरा दिवस.

१६ नोव्हेंबर
तिच्या पाठीला कान लावला. सीटी! ही सीटी मी लहानपणापासून माझ्या छातीत ऐकते. चुकायची नाही.

सासूबाई म्हणतात, "थंडी झाली. ओव्यानं शेक." दुसऱ्या कोणाचं लेकरू असतं तर आजच्या आज कोरपन्याच्या दवाखान्यात पाठवलं असतं. पण डॉक्टर पहिलं हेच विचारणार — घरात कोणाला आहे? एकटीनं न्यावं, तर तिथला कंपाउंडर कुलदीपचा मावसभाऊ. संध्याकाळी घरी बातमी.

कुलदीप सिमेंट फॅक्टरीतून आला. भुवयांवर धूळ. तसंच रिनाला उचललं, ती खोकली. मी बघत राहिले.

१९ नोव्हेंबर
आज न्हाणीचं दार लावून तिला माझा पंप दिला. दोनदा. थोड्या वेळानं मोकळी झाली, हसली. मी म्हटलं, "कोणाले सांगाचं नाई हं. बाबालेबी नाई."

बोलले आणि शब्द ओळखीचे वाटले. आईच बोलली माझ्या तोंडून.

२० नोव्हेंबर
रिना विचारते, "आई, आपण चोरी केली का?"

२४ नोव्हेंबर
दवाखान्यात बसून लिहितेय.

दुपारी शाळेतून दीपाली मॅडमचा फोन. रिना संडासाच्या मागे लपून बसलेली सापडली. ओठ निळे! मॅडम धावत जाऊन शाळेच्या औषधपेटीतला पंप घेऊन आल्या — तो मीच तिथे ठेवलाय! — तर ही तोंड घट्ट मिटून बसली. नुसती मान हलवते. शेवटी म्हणाली, "आईनं कोणाले सांगू नको म्हटलं."

सात वर्षांची पोर. जीव चालला होता तरी माझा शब्द पाळत होती.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, मशीननं वाफ दिली. डॉक्टरांनी विचारलंच. कुलदीप बाजूला उभा होता.

"मला आहे," मी म्हटलं. "लहानपणापासून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. रिनाचा पाय धरून बसून राहिला.

२७ नोव्हेंबर
रिना घरी आली. रोजचा पंप आणि दम लागला तर घ्यायचा, असे दोन दिलेत.

कुलदीप एकच वाक्य बोलला. "लोकायच्या पोरायले वाचवतं तू. आपल्या पोरीले काऊन नाई?"

सासूबाई बोलतच नाहीत. मी ताट ठेवते, त्या उठून जातात. कुठे जाऊ मी? आईकडे? तिथूनच तर हे घेऊन आले.

३० नोव्हेंबर
सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुलदीपच्या आंधी मले एक पोरगी होती. सुगंधा. चार वर्साची. अशीच सीटी वाजे तिच्या छातीत. मीबी लपवलं वो. तापानं गेली म्हणून सांगतलं सगळ्यायले."

मग जुडी बाजूला ठेवली.

"तुही सभा कवा हाय आता? मी बोलतो."