बाबांच्या गिटारीतला सूं आवाज

पवनार,
२१ सप्टेंबर

प्रिय दीपमाला,

जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, म्हणून आधीच लिहिते, घरी कुणी आजारी नाही, दोघंही चालतो-फिरतो आहोत. तू म्हणशील, रोज संध्याकाळी फोनवर बोलतो, मग आईला हे पत्र कुठून सुचलं? अगं, फोन तुझ्या बाबांचा. तो कायम स्पीकरवर, आणि आवाज इतका मोठा, की तुझ्या मळमळीची बातमी शेजारच्या मंदाबाईला माझ्याआधी कळते. माझ्या बटणांच्या फोनमध्ये बॅलन्स नसतो, तो फक्त मिस कॉल घ्यायला ठेवलेला आहे, त्यावरून तू मला किती चिडवतेस. पण खरं सांगू, अडचण ती नाही. तुझा आवाज कानावर आला की माझ्या तोंडून 'सगळं बरं आहे' एवढंच निघतं. कागदावर मी जरा धीट आहे.

तुला सातवा लागला. जिना सावकाश चढत जा. अश्वजितरावांना जयभीम सांग. दिवाळीनंतर तुला आणायला आम्ही दोघं येऊ. तुझ्या वेळचा पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे. त्या पाळण्याची दोरी बाबा पायाच्या अंगठ्याला बांधायचे, माहीत आहे ना तुला? पायानं पाळणा हलवायचा आणि हातानं गिटार वाजवायची. तुझी आजी म्हणायची, 'असा बाप मी कुठं पाह्यला नाई बाई.' तू झोपलीस तरी यांचं वाजवणं चालूच. तेव्हा त्यांनी तुझ्यासाठी जो पाळणा रचला, तो कधी कागदावर उतरला नाही की कुठं रेकॉर्ड झाला नाही. तो आता आपल्या बाळासाठी रेकॉर्ड करायचा, म्हणजे तुम्ही पुण्याला परत गेलात तरी बाळाला आजोबा ऐकू येतील, एवढाच त्यांचा ध्यास होता. सगळी नोकरी तहसील कचेरीत सातबाराच्या नकला काढण्यात गेलेला माणूस, पण तू तो लाल डबा, माइक आणि हेडफोन पाठवलेस तेव्हा पोरासारखा हरखला. मी मनातून कुरकुरले होते, हेही लिहून टाकते. गिटारीची वायर डब्यात, डब्याची वायर लॅपटॉपात, आणि घरभर वायरीच वायरी, झाडू कुठून मारायचा ते कळेना.

पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी मला ऐकवलं तेव्हा मागे खरंच एक आवाज होता. दूध उतू जाण्याआधी पातेल्यातून येतो ना, तसा. सूंऽऽ. गाणं थांबलं तरी तो थांबेना. बाबांनी अनुपला बोलावलं. अनुप म्हणजे मंडप आणि साउंडवाला, बाबा तरुणपणी ज्या ऑर्केस्ट्रात गिटारमास्तर होते तिथल्या ढोलकीवाल्याचा मुलगा, वर्ध्याला त्याचं दुकान आहे. तो आला आणि हसायलाच लागला. डब्यावरचं आवाजाचं बटण बाबांनी पार शेवटापर्यंत पिळलं होतं. 'मास्तर, एवढ्यात तर पूर्ण जयंतीची मिरवणूक होते, आन् तुम्ही पाळणा गाऊन राह्यले,' म्हणाला. त्यानं बटण अर्ध्यावर आणलं, माइक तोंडाजवळ सरकवला, लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला. दुधाचं पातेलं खाली उतरवावं तसं झालं. मला वाटलं, चला, मिटलं. बाबा हेडफोन लावून डोळे मिटून बसले आणि म्हणाले, 'कमी झाला, पण हाये. तू ऐक बरं.' अनुपनं ऐकलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, 'हो मास्तर, थोडासा हाये.' मग हेडफोन माझ्या कानावर. मला काहीच आलं नाही. पण साउंडवाल्याला येतो म्हणजे असणार. मी मॅट्रिक झालेली बाई, माझे कान कुकरच्या शिट्ट्यांपुरते. मीही म्हणाले, 'हो, थोडासा आहे.'

तिथून जे सुरू झालं ते तुला फोनवर तुकड्या-तुकड्यानं कळलंच आहे. गाताना फ्रिज बंद, मग मी दूध घेऊन मंदाबाईकडे पळायची. मच्छरांची मशीन बंद. बुद्धांच्या फोटोभोवतीची लुकलुकती माळ मीच काढून टाकली आणि मेणबत्ती लावू लागले. मे महिन्यात पंखा बंद करून, भिंतींना गोधड्या टांगून आत तुझे बाबा गात बसले आणि मी बाहेरून ताक पुरवत राहिले. घामानं निथळून बाहेर यायचे आणि पहिला प्रश्न, 'आता?' वायरी बदलल्या, माइकाचा दांडा बदलला. मग नत्थूजी इलेक्ट्रिशियननं शोध लावला की घराची अर्थिंग सुकली आहे. अंगणातला तो खड्डा उकरून त्यात मीठ-कोळसा भरला आणि मला सांगितलं की रोज पाणी टाकजा. तांदळाचं धुवण मी जास्वंदीला घालत असे, ते त्या खड्ड्याला घालू लागले. जास्वंद रुसली, पावसाळ्यातसुद्धा फुलली नाही. नत्थूजीनंही हेडफोन लावून ऐकलं आणि मान डोलावली, 'आता लय कमी हाये, पर हाये.' हे सगळं सामान मी हिशेबाच्या वहीत 'घरदुरुस्ती'खाली लिहीत आले. दुसरं खातं सुचत नव्हतं.

आणि प्रत्येक वेळी बाबा गाणं पुसून टाकायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायचे. तुलाही त्यांनी एकदा पाठवलं होतं. तू फोनवर म्हणालीस, 'हो बाबा, अगदी किंचित येतो.' मला तो दिवस लक्षात आहे, कारण त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. इकडे माझं वरण मात्र दोनदा करपलं. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं बजावून मी विहारात जायची आणि परत येते तर घरभर धूर. मी म्हणायची, कसा जीव अडकलाय त्या गिटारीत, दुसरं काही ऐकूच येत नाही या माणसाला. बोलून जायची मी. आपण काय बोललो ते तेव्हा कळत नव्हतं.

आता भाद्रपद पौर्णिमेचं सांगते. सकाळी विहारात गेलो. वर्षावासात, पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत, गर्दी असतेच. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखे लावत नाहीत आणि उजेड होता म्हणून दिवेही नव्हते. वंदना झाली, सगळे डोळे मिटून बसलो. बाजूची पिठाची गिरणी चालू होती. मध्येच तिचा पट्टा हळू होत होत थांबला. लाईन गेली, एवढं माझ्या लक्षात आलं, कारण पौर्णिमेच्या सकाळी दळणाचे डबे रांगेत ठेवून गिरणी कोण बंद करतं? मग इतकी शांतता झाली की मेणबत्तीची वात तडतडलेली ऐकू यावी. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला कुणी उठल्यासारखं वाटलं. पाहते तर तुझे बाबा. चवड्यांवर चालत भिंतीपाशी गेले, स्विचच्या बोर्डाला कान लावला, मग एक-एक बटण खाली-वर करून पाहू लागले. मंदाबाईनं एक डोळा उघडला आणि मला कोपर मारलं, 'जिजाबाई, मास्तर काय शोधून राह्यले वो? लाईन तं गेली ना.'

घरी येताना ते अगदी खुशीत. म्हणाले, 'तुले सांगू? दोष आपल्या घरात नाईच. विहारातल्या बोर्डातबी तोच आवाज हाये. गिरणी बंद झाली तं साफ ऐकू आला. पुऱ्या गावाच्या लाईनीतच गडबड हाये.' चपलेत खडा गेला असं सांगून धाम नदीच्या पुलावर जरा वेळ उभी राहिले. ते पुढे चालत होते आणि मागून येणाऱ्या स्कूटीवाल्याचा हॉर्न वाजतो आहे, वाजतो आहे, हे बाजूला सरकतच नाहीत.

मला आमचं लग्न नवं होतं ते दिवस आठवले. लग्नसराईत आणि एप्रिलच्या जयंतीत ऑर्केस्ट्राला उसंत नसायची. गिटारवाला म्हणून यांची जागा अगदी स्पीकरपाशी, आणि स्पीकरचा डबा माणसाएवढा उंच. पहाटे घरी यायचे आणि ओरडून बोलायचे. आजी दटावायची, 'हळू बोल ना रे, काऊन बोंबलतं? गाव जागं करतं काय?' हे हसून म्हणायचे, 'माय, कानात रातकिडे बसले माझ्या.' एक-दोन दिवसांत ते किडे जायचे. या वेळी गेले नाहीत, एवढंच झालं आहे बेटा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते आनंदात होते, आणि मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे. तो आनंद काही टिकला नाही. गावाच्या लाईनीतच दोष असेल तर इथं पाळणा होणारच नाही, असा त्यांनी निकाल लावला. गिटारीच्या तारा ढिल्या केल्या, खोळ घातली आणि जाहीर केलं, की दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, गिटार, लाल डबा, सगळं अनुपला देऊन टाकायचं. 'तिकडं वर्ध्याले तरी वाजन,' म्हणाले. तेव्हापासून ओट्यावर बसून असतात. तुझा फोन आला की तेवढं बोलतात. तुझं बोलणं कळलं नाही तर हसतात. तू नीट ऐकून बघ, हल्ली ते तुझ्या प्रश्नाला उत्तर न देता नुसते हसतात.

किराण्याचं निमित्त करून मी बसनं वर्ध्याला अनुपच्या दुकानात गेले आणि सरळ विचारलं, खरं सांग, आवाज येतो का? त्यानं मान खाली घातली. 'काकू, तो तं पह्यल्याच दिवशी गेलता. मास्तर असे पाह्यत होते ना माझ्या तोंडाकडं, नाई म्हणवलंच नाई.' नंतर नत्थूजीलाही विचारलं, तर त्याचं म्हणणं, साउंडवाल्या अनुपले ऐकू येते तं मी कोण नाई म्हणणारा. म्हणजे आम्ही सगळे एकमेकांच्या भरवशावर ऐकत होतो. तुलाही मी काही म्हणत नाही. तूही बाबांच्या मायेनंच म्हणाली असशील. पण रोज सकाळी पंचशील घेताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी माझी जीभ आता अडखळते.

अनुपनं एक गाणं पुसण्याआधी आपल्या फोनमध्ये काढून ठेवलं होतं. ते त्यानं मला दुकानातच स्टुलावर बसवून ऐकवलं. दीपू, किती गोड गायलेत गं. मागे सूं नाही, काही नाही. तारेवर बोट सरकतं ते ऐकू येतं, श्वास घेतात तो ऐकू येतो. आणि शेवटच्या कडव्यात माझा कुकर! एकामागून एक तीन शिट्ट्या, अगदी ठसठशीत. अनुप हसला, मीही हसले, आणि हसता हसता पदर तोंडाला लावावा लागला. सूं आवाजासाठी त्यांनी अख्खं घर उलटंपालटं केलं, आणि या तीन शिट्ट्यांबद्दल मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या त्यांच्यापर्यंत कधी पोचल्याच नाहीत.

सेवाग्रामच्या दवाखान्यात कान तपासतात. ओपीडी कधी असते ते मी विचारून आले आहे, पुढचा खर्च औषधपाण्यात लिहीन. कानाला मशीन लागेल का, रातकिडे जातील का, मला ठाऊक नाही. पण दोष घरात नाही आणि गिटारीतही नाही हे त्यांना पटलं, तर ते दवाखान्यात येतील आणि दसऱ्याला गिटार घरातच राहील. मी एकटीनं 'नाही' म्हटलं तर म्हणतील, तुझेच कान म्हातारे झाले, आणि लगेच तुला फोन लावतील. तुझ्या शब्दावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. त्यासाठी हे पत्र. मिळालं की माझ्या फोनवर एक मिस कॉल दे, मी उचलणार नाही. त्या संध्याकाळी मी गिटारीची खोळ काढीन, अनुपनं माझ्या फोनात भरून दिलेलं ते गाणं त्यांच्या पुढ्यात लावीन. ते तेच विचारतील, 'येते ना आवाज?' मी नाही म्हणेन. मग तुझा फोन वाजेल. स्पीकर चालू असेल, मी बाजूलाच बसलेली असेन. तूही नाही म्हण. रडू नकोस, आणि जरा मोठ्यानं म्हण.

तुझ्या मिस कॉलकडे कान लावून बसलेली,
तुझीच
आई