बुधाजीचा चोरटा श्वास

११ जानेवारी १९५९, रविवार

बुधाजी रेडिओवर गायला! सकाळी आठला, मुंबई केंद्रावरून. आमच्याच कोळीवाड्यातला, आमच्याच भजनी मंडळातला — आणि माझ्या जागेवर बसून!

केसर चुलीपुढून उठून आली. "काय ग्वाड आवाज लागलाय भावजींचा!" बायको माझी, कौतुक त्याचं. रेडिओ बंद केला.

१२ जानेवारी

लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड व्हायचा नाही. गेल्या वर्षी आवाजाच्या परीक्षेला दोघंही मुंबईला गेलो. मी चहाला खाली उतरलो आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. बुधाजीने सांगितलं — "हरेश्वर गावाला परत गेला." शिपायाकडून मला कळलं, तोवर दार बंद. तो माझगावला मावशीकडे राहिला, गवई झाला. मी श्रीवर्धनला सोसायटीत मासळीची वजनं लिहितोय.

पण त्याची खोड मला ठाऊक आहे. वरच्या पट्टीत दम पुरत नाही, शब्दाच्या मध्येच चोरून श्वास घेतो. वीस वर्षं त्याच्याशेजारी बसून झांजा वाजवल्यात! या रेडिओवर ते कळत नाही, नुसती खरखर. पुढचं गाणं आठ फेब्रुवारीला आहे, बाळाजी मृदंगवाल्याला बुधाजीचं तसं पत्र आलंय. अख्ख्या मंडळाला बोलावून ती चोरी ऐकवणार.

१९ जानेवारी

रेडिओ गोधडीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन माणगावला. तुळशीराम मेकॅनिकने पाठ उघडून पाहिली. म्हणाला, "सगळंच जुनं झालंय. सध्या एकच काय ते बदला. एरियल लांब केलीत तर खरखर कमी होईल. व्हॉल्व्ह बदललात तर आवाज मोठा होईल. स्पीकर बदललात तर बारीकसारीक ऐकू येईल."

विचार करतो म्हणालो.

२० जानेवारी

एरियल सोपी. दोन पोफळींच्या शेंड्यांना तार बांधली की झालं. पण त्याने श्वास पकडला जाईल?

आवाज मोठा केला तर त्याचीच जाहिरात. व्हॉल्व्ह नको!

२२ जानेवारी

स्पीकर. मला बारीकसारीकच हवंय.

२७ जानेवारी

बसवून आणला. सकाळच्या बातम्या लावल्या — सांगणाऱ्याने पान उलटलेलं ऐकू आलं! केसर म्हणाली, "आता कागद बी वाजतोय!" वाजू दे. कागदानंतर बुधाजी.

४ फेब्रुवारी

मंडळाला आमंत्रण दिलं. बाळाजी म्हणाला, "बुधाजीवर एवढं प्रेम कधीपासून रे?" मी नुसता हसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

पडवीत चौदा माणसं. बुधाजी सुरू झाला. वरची पट्टी आली तसं मी बोट उचललं — "ऐका!"

श्वास आला. पण तो चोरटा नव्हता. आत कुठेतरी बारीक शीळ वाजली. पुढच्या ओळीला पुन्हा. त्याच्या पुढच्या ओळीलाही.

माझा धाकटा भाऊ सदा क्षयाने गेला. तीन महिने उशाशी बसून मी हीच शीळ ऐकत होतो.

बोट तसंच वर राहिलं. बाळाजीने विचारलं, "काय ऐकू?"

"सूर," म्हणालो. "सूर ऐका."

सगळे वा वा करत होते. केसर तेवढी माझ्याकडे बघत होती.

९ फेब्रुवारी

परवापर्यंत म्हणालो असतो, मरू दे. आजही म्हणून पाहिलं. केसरने विचारलं, "पिशवी भरू का?" मी हो म्हणालो.

११ फेब्रुवारी, मुंबई

बुधाजीला ओढतच दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डाग आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, औषधाने बरा होईल, पण वर्षभर गाणं बंद.

बाहेर बाकावर त्याने माझा हात धरला. "हरेश्वर, त्या दिशी तुझं नाव पुकारलं तवा मी —"

"गप," म्हणालो. "बोलू नकोस. दम लागेल."