माझ्या हातचं

६ जानेवारी
लेक अनूप माहेरी आली. दोन पिशव्या. एकीत कपडे, दुसरीत लोखंड — तवा, कढई, वाटी, पेला. डोक्याला मुलांसारखी छोटी पगडी. स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.
"बीजी, मी माझं माझं करून घेईन. वाईट वाटून घेऊ नकोस."
सकाळपासून चुलीवर मोहरीचं साग शिजत होतं. तिच्यासाठीच. तिने बटाटे उकडले, मीठ लावून खाल्ले.
लग्नानंतर लुधियान्यात नवऱ्याबरोबर तिने पंथातल्या एका कडक जत्थ्याचं अमृत घेतलं, दीक्षाच ती. त्या लोकांचा नियम — त्यांच्या रीतीने अमृत घेतलेल्याच्याच हातचं खायचं, तेही लोखंडाच्या भांड्यातलं. अमृत मीही घेतलंय. तिच्या जन्माआधी! पण माझं ते लोक मोजत नाहीत. मी स्टीलच्या पातेल्यात रांधते, लग्नाकार्यात जेवते.
हे सोवळं आपल्या पंथात कुठून आलं?

८ जानेवारी
आजही माझ्या हातचं खाल्लं नाही. पोरगी जेवत का नाही, शेजारची जसमेर पुन्हा पुन्हा विचारत होती. अनूपचं पोट बिघडलंय, असं सांगितलं.

११ जानेवारी
लिहू की नको असं झालंय.
गोठ्यामागे चूल पेटलेली दिसली म्हणून गेले. चरनो भाकऱ्या थापत होती आणि अनूप समोर उकिडवी बसून खात होती. हसत होत्या दोघी. चरनो म्हणजे आमचं शेण काढणारी, खालच्या वस्तीतली. तिनेही गेल्या वर्षी त्याच जत्थ्याचं अमृत घेतलं. मला वाटलं होतं, कपडे मिळतात म्हणून घेतलं असेल. अनूप तिला "चरन कौर मासी" म्हणते.
तिच्या हातचं चालतं. माझ्या नाही.
सरदारजींना सांगताना माझ्या तोंडून चरनोच्या जातीचा शब्द निघाला. तो इथे लिहिणार नाही. सरदारजी माझे यजमान, गुरुद्वाऱ्याच्या कमिटीचे प्रधान. ते एवढंच म्हणाले, "हळू बोल. पोरगी आत आहे."
मी दर बुधवारी बायकांना घेऊन सुखमनीचा पाठ करते. सगळ्यांत एकच ज्योत आहे, असं समजावून सांगते.

१४ जानेवारी
माघी, आमची संक्रांत. काल लोहडीला उसाच्या रसाची खीर केली. यंदा अनूपच्या लोखंडी कढईत केली, ती आंघोळीला गेली होती तेव्हा. चरनोला बाजूला घेऊन म्हटलं, "विचारलं तर तूच केलीस म्हण."
चरनो खाली बघत राहिली. "बीबीजी, हे बरं नाही."
"आईने लेकीला खीर घातली तर बिघडलं काय? तुझं काय जातंय?"
आज सकाळी अनूपपुढे वाटी ठेवली आणि तिथेच उभी राहिले. तिने पहिला घास घेतला, थांबली. मग चरनोकडे वळून विचारलं, "मासी, तू केलीस?"
चरनो म्हणाली, "हो."
अनूपने वाटी संपवली. पुन्हा मागून घेतली. माझा जीव कसा निवला. खोटं बोलायला लावल्याची बोचणी लागायला हवी होती. नाही लागली.

१८ जानेवारी
गुरुद्वाऱ्यात सभा होती. जत्थ्याच्या लोकांना रात्रभराचं कीर्तन करायचंय, आणि त्यांचा लंगर ते वेगळा, लोखंडी भांड्यांत, आपल्याच हातांनी रांधणार. परवानगी द्यायची की नाही, हा वाद. जगराव शहरातून ग्यानी बलकार सिंग मुद्दाम बोलावले होते.
ते म्हणाले, "गुरूंनी बादशहाला आधी पंगतीत बसवलं, मग भेट दिली. ज्याने रांधलं त्याची चौकशी करत बसलो, तर ती पंगत कसली? आणि हा लोखंडाचा नियम पंथाच्या लिखित मर्यादेत कुठे आहे, दाखवा."
बायकांच्या बाजूने अनूप उठली.
"लोखंडाचं नाही लिहिलेलं, खरं आहे. ते आमचं आम्ही पाळतो, दुसऱ्यावर लादत नाही. आम्ही जात बघत नाही, रहित बघतो, माणूस पंथाचे नेम पाळतो का ते. चरन कौर मासी या लंगरात कितीतरी वर्षं भांडी घासतेय. तिला कणीक कधी मळू दिलीत, ते सांगा."
ग्यानीजी दाढीवरून हात फिरवत राहिले. सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. तरी त्या माझ्याकडेच बघतायत असं मला वाटलं, कारण कणकेच्या परातीपाशी कोण बसणार हे मी ठरवते.
आणि मी उठले. का उठले?
म्हटलं, "रहित कसली सांगतेस? माघीला माझ्या हातची खीर खाल्लीस. मी केली होती, चरनोने नाही. दोन वाट्या खाल्ल्यास. झालं काय तुला?"
सभा हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "प्रधानीणबाईंनी निकाल लावला!" ग्यानीजीही हसले, म्हणाले, "आईपुढे काय बोलणार."
अनूप माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. गुरू ग्रंथसाहिबापुढे डोकं टेकलं आणि निघून गेली. चरनो दारात काढलेल्या जोड्यांपाशी उभी होती. माझी नजर गेली तेव्हा तिने ओढणी पुढे ओढली.
परवानगी नाकारली. वाटेत सरदारजी म्हणाले, "आज तू घराची लाज राखलीस."
लाज राखली म्हणे.

१९ जानेवारी
ती गेली. तवा, कढई, सगळं घेऊन. आता तिला निवाडा करणाऱ्या जत्थ्याच्या पाच प्याऱ्यांपुढे हात जोडून उभं राहावं लागणार, नियम मोडल्याचं कबूल करावं लागणार.
मी म्हटलं, "माझं नाव सांग. फसवलं म्हण. तुला माफ करतील."
"बघते," म्हणाली. पाया पडून गेली. एक शब्द वाकडा बोलली असती तर बरं झालं असतं.
चरनो कामाला आली नाही. शेण मी काढलं.

२२ जानेवारी
चरनोच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा, एकाच गावात राहून. त्यांच्या वस्तीत त्यांचा गुरुद्वारा वेगळा आहे. ठाऊक होतंच. तो वेगळा का, हे ग्यानीजींनी सभेत विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही.
चरनोने खाट टाकली. उभ्याउभ्याच म्हणाली, "मलाही लुधियान्याला जायचंय. 'हो' म्हणाले होते ना मी. खोटं ते माझं."
"मी येते तुझ्याबरोबर. पाचांना सांगते, मीच बोलायला लावलं."
"नको बीबीजी. तिथे आमच्या माणसांचंच ऐकून घेतात. तुम्ही आमच्यातल्या नाही."
रागाने नाही म्हणाली. जे आहे ते सांगितलं. मी बसून राहिले. चहा विचारला नाही तिने. विचारला असता तर मी घेतला असता का? आज हो म्हणेन. सभेच्या दिवसापर्यंत नसता घेतला.
तिची माफी मागायला गेले होते. न मागताच परत आले. शब्द तोंडात आला, पण तिची सून दारात उभी होती. सुनेसमोर जमेना.

२३ जानेवारी
बुधवारच्या पाठाला यापुढे दुसरं कोणी बसा, असं जसमेरला कळवलं. तिला वाटलं, गुडघे दुखतात.

२७ जानेवारी
चरनो लुधियान्याहून परत आली. मागच्या दाराने नाही, पुढच्या. पाचांनी तिला शिक्षा लावली, रोजचा एक पाठ जास्त आणि गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या संगतीचे जोडे पुसण्याची सेवा. अनूपला त्याहून कडक — पुढचं सांगेपर्यंत जत्थ्याच्या पंगतीत बसायचं नाही.
मी म्हटलं, "तिला का? तिला तर फसवलं होतं. सांगितलं नाही तिने?"
"सांगितलं ना. म्हणाली, मला कोणी फसवलं नाही. पहिल्या घासालाच बीजीचा हात ओळखला. ओळखून खाल्लं."
"मग खाल्लं का?"
"पाचांनी हेच विचारलं, बीबीजी. ती म्हणाली, आई समोर उभी होती."