माय, मशीन आणि छोटेलालचा पिवळा धान

मु. पो. दवनीवाडा
होळीनंतरचा बुधवार

ती. नंदाताईच्या पायाशी धाकट्या छोटेलालचा दंडवत. भाऊजींनाही तेवढाच, पण थोडं जास्त वाकून. तुझे गुडघे कसे आहेत? माय रोज विचारते आणि मी रोज "बरे आहेत" सांगतो, तेव्हा मला खोटं पाडू नकोस. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीने, नूतनने, परवा लाखोळीच्या डाळीचे वडे केले (तुझ्या वाटचेही मीच खाल्ले, वाया जायला नकोत म्हणून). बियाण्याचं दुकान चालू आहे. उन्हाळी धानाबद्दल गावात काही उलटसुलट ऐकलं असशील, त्याचा खुलासा पुढे येईलच. फोन सोडून पत्र कायले, असं तू विचारशील. तर ताई, फोनवर लहानपणापासून तू बोलतेस आणि मी हुंकार देतो. या खेपेला मला सांगायचं आहे, आणि मधे तुझं तोंड नको आहे. राग मानू नको.

गेल्या साली मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो. (निवडीच्या दिवशी मी आमगावला लग्नात होतो. जो हजर नव्हता त्याला अध्यक्ष केलं.) संक्रांतीनंतर मुख्याध्यापक लीलाधर सर दुकानात आले. म्हणाले, पोरांना नव्या नव्या क्षेत्रांची ओळख करून द्यायची आहे, म्हणजे ड्रोन, रोबोट, थ्रीडी प्रिंटर, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे. नागपूरच्या एका कॉलेजातली मंडळी सामान घेऊन येणार, आईबाबांनाही बोलावलं आहे, तुम्ही अध्यक्ष म्हणून दोन शब्द बोला. आता मी दोन शब्दांवर कधी थांबलो आहे का? ड्रोन झाला, रोबोट झाला, पण कृत्रिम बुद्धिमत्तेपाशी माझी गाडी अडली. मला नीट ठाऊक असलेली कृत्रिम गोष्ट एकच, जनावरांच्या दवाखान्यातलं कृत्रिम रेतन. मी तोच दाखला दिला आणि चांगला विस्ताराने दिला. लीलाधर सरांना खोकला आला. बायांनी पदर तोंडाला लावले. माझीच लेक आचल पहिल्याच रांगेत बसली होती, तिने दप्तरच डोक्यावर घेतलं. थ्रीडी प्रिंटरचंही तसंच. मला वाटलं प्रिंटर आहे तर कामाला येईल, म्हणून मी आधार कार्ड घेऊन गेलो होतो, रंगीत झेरॉक्स मारायला. त्या यंत्राने बराच वेळ घरघर करून प्लास्टिकची एक शिट्टी काढून दिली. शिट्टी उत्तम वाजते. आधार कार्ड माझ्या खिशातच राहिलं.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या मंडळींतला स्वप्निल नावाचा दाढीवाला पोरगा एक बोलकं यंत्र घेऊन आला होता. शेतीचा कोणताही प्रश्न मराठीत विचारा, यंत्र उत्तर देईल, असं तो म्हणाला. पुढे कोणी जाईना. माय उठली. तुला माय माहीत आहे, तिला लाज नावाची गोष्ट आपल्या आज्याने दिलीच नाही. ती यंत्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काऊन व, माया धान पिवळा पडून राहिला, काय करू?"

यंत्राने जरा विचार केला आणि गोड आवाजात सांगितलं, "माया आणि ध्यान यांचा संबंध खोल आहे. डोळे मिटा, मन शांत ठेवा, श्वासाकडे लक्ष द्या."

आपलं 'माया' म्हणजे माझा, हे त्याला काय ठाऊक! सगळा वर्ग हसून लोटपोट झाला ताई. मीही हसलो, खोटं कायले सांगू. माय पण तोंडदेखलं हसली आणि खाली येऊन बसली. पण घरी गेल्यावर ती जेवताना गप्प होती. मग एकदम म्हणाली, "मशीनले बी मायी बोली नाही समजे, मंग मी बोलतोच कायले?" आपली माय आणि बोलत नाही! घरात कोणी पंखा बंद केल्यासारखं वाटायला लागलं.

आचलने मात्र ते मनाला लावून घेतलं. नववीतली पोर, एरवी भावाशी मोबाईलवरून भांडण्यापलीकडे तिचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मंडळी सामान आवरत होती, तेव्हा तिने स्वप्निलला शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. मी तिथे बाकांची मोजदाद करत होतो (अध्यक्षाला कामं असतात). तिने विचारलं, "सर, त्याले झाडीबोली काऊन नाही येत?"

"कोणी शिकवलीच नाही," तो म्हणाला. "पुस्तकातली मराठी ऐकवली, तेवढीच त्याला येते."

"मंग आमी शिकवतो. काय लागते?"

"आवाज लागतात. पुष्कळ लोकांचे. एकच वाक्य शंभर जणांकडून."

तो पोरगा भला निघाला. त्याने शाळेच्या संगणकावर सगळं बसवून दिलं, पुढे नागपूरहून फोनवर शिकवत राहिला. आचल आणि तिच्या वर्गातल्या चार पोरींनी ठरवलं, धानाचे मोजकेच प्रश्न घ्यायचे, पिवळेपणा, करपा, तुडतुडे, पाणी, पण ते आपल्या बोलीत पक्के शिकवायचे. उत्तरं कृषी सहायकाकडून तपासून घ्यायची आणि आचलच्याच आवाजात भरायची. आणि आवाज गोळा करायला जागा कोणती? माझं दुकान! माणूस बियाणं घ्यायला आला की आचल मोबाईल त्याच्या तोंडाशी धरायची आणि म्हणायची, "काका, म्हणा, माया धान पिवळा पडून राहिला."

इथे घोळ झाला. कोणी म्हणेना. बिसराम तर रागावलाच. म्हणाला, "माया धान हिरवागार आहे बापा, भरल्या पिकात असं अभद्र कायले बोलू?" दुसऱ्या दिवशी भैयाजी तेच म्हणाला. सगळ्या गावाची जीभ अडली. शेवटी आमच्या नूतनने तोड काढली. ती म्हणाली, स्वतःचा म्हणायला भीती वाटते ना, मग दुसऱ्याचा म्हणा. झालं! लोक रांगेने आले. हौसेने आले. आणि सगळे एकच वाक्य म्हणाले, "छोटेलालचा धान पिवळा पडून राहिला." बाया म्हणाल्या, म्हातारे म्हणाले, शाळेत जाणारी लेकरं वाटेत उगाचच म्हणू लागली. ज्याला मी उधार दिलं नव्हतं तो दोनदा येऊन म्हणून गेला. आठवड्यात ही बातमी गोंदियाच्या बाजारात पोचली, आणि माझ्या साडूचा सांत्वनाचा फोन आला. (तुझ्यापर्यंत आलं ते हेच. धान हिरवा आहे. बोडीच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांधीत शेताचा कोपरा थोडा पिवळा होता, तो मायने विचारला होता तोच. पण तो कोपरा आहे, धान नव्हे.)

पोरींनी ते यंत्र गोंदियाच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलं, तेव्हा आम्ही सगळे गेलो. माय येत नव्हती. आचलने तिला एवढंच सांगितलं, "आजी, त्याले तुया आवाज सगळ्यात जास्त ऐकवला. तू नाही आलीस तर ते कोणाशी बोलन?" माय नवं लुगडं नेसून गाडीत आधी जाऊन बसली. तिथे मोठा हॉल, शाळाशाळांची टेबलं, चकचकीत रोबोट. आमच्या टेबलावर एक जुना संगणक आणि धानाच्या दोन कुंड्या. पाहुणे आले. त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "माझ्या भातपिकाची पाने पिवळी का पडत आहेत?" यंत्र गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. यंत्र म्हणालं, "मले नाही समजला जी, दुसऱ्यांदा सांगा." मी घाईने संगणकाची वायर तपासली. पण आचल अगदी शांतपणे म्हणाली, "सर, त्याला अजून पुस्तकी मराठी येत नाही. आम्ही शिकवू." पाहुणे आधी चमकले, मग खदखदून हसले आणि बाजूला सरकून मायला वाट दिली.

मायने पुन्हा कमरेवर हात ठेवले. ताई, मी सुंदरसं काही लिहू शकत नाही, पण तो सगळा हॉल मला एकदम लहान वाटला. ती म्हणाली, "काऊन व, माया धान पिवळा पडून राहिला, काय करू?" आणि यंत्र आचलच्या आवाजात बोललं, "आजी, नवी पानं पिवळी पडली असन तं जस्त कमी असू शकते. बांधीतला पाणी काढ, आन् कृषी सहायकाले एक खेप दाखव." माय पदर सावरून यंत्राजवळ वाकली. मग म्हणाली, "कोणाची व तू?" हा प्रश्न काही शिकवलेला नव्हता. ते म्हणालं, "मले नाही समजला जी." मायने त्या संगणकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "समजन, समजन. लहान आहेस अजून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, हॉलमध्ये धूळ फार.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला भिंत आली की थांबणाऱ्या रोबोटला गेला. (थांबायला तर आपला बैलही थांबतो, पण असो, परीक्षकांचा मान ठेवला पाहिजे.) स्वप्निलच्या कॉलेजातल्या चेतना मॅडम आचलला म्हणाल्या, बोली आणि यंत्र यांचं आता मोठं क्षेत्र होणार आहे, दहावीनंतर तू विज्ञान घे, आणि दर शनिवारी नागपूरला आमच्या प्रयोगशाळेत येत जा. मी अध्यक्ष आणि बाप या दोन्ही नात्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. नव्या काळात मागे राहून चालत नाही, हे मी पहिल्यापासूनच म्हणत आलो आहे. आता मायचा आवाज घरात पुन्हा सुरू झाला आहे, आणि तो आता बंद होईल असं वाटत नाही. भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
छोटेलाल

ता. क. एक गोष्ट राहिली, लहानशीच. तुमचा हिमांशू नोकरीला बेंगळुरूला गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे. आचल दहावी झाली की अकरावी-बारावीला नागपुरात तुझ्याकडे राहील का? शनिवारची प्रयोगशाळा तुझ्या घरापासून जवळ आहे असं कळलं (मी जाऊन पाहून आलो, तुला सांगितलं नाही). पोरगी गुणाची आहे. फक्त जेवताना तुझं बोलणं मोबाईलमध्ये भरून घेईल, त्याला हरकत घेऊ नको.

ता. क. दुसरा. हा दुसरा मी, नूतन, लिहिते. ताई, नमस्कार. तिथल्या तिथे होकार वगैरे काही झालं नाही. मॅडमसमोर यांनी नुसती मान हलवली आणि घरी येऊन म्हणाले, आमगावले कॉलेज आहे, रेल्वे आहे, पोरगी एवढ्या लांब कायले? पुढे किती दिवस तेच. शेवटी माय म्हणाल्या, "त्या डब्ब्याले शिकवाले सारा गाव आला. आपल्या पोरीले शिकवाले तू एकटा आडवा येतेस?" त्यावर हे उठून पत्राचा कागद आणायला गेले. तेव्हा ताई, तुम्ही हो म्हणा. आणि पोचवायला हेच येतील. म्हणतील, नागपुरात थोडं काम आहे, राहतो दोन-चार दिवस. यांचं नागपुरात काही काम नाही. जेवू घाला आणि पहिल्या गाडीत बसवून द्या.