बिनटाक्याचं ऑपरेशन

आई, माझ्याही पिशवीत गाठी निघाल्या. तुझ्यासारखंच सगळं, महिन्यातले निम्मे दिवस रक्त, आणि वर्गात फळ्यापाशी उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. इथे विट्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि मान वर न करता म्हणाले, "एक मुलगी आहे ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." वडूजहून काकी आली, तिचंही तेच. "तुज्या आईनं न्हाई काढली? काय झालं तिला?" तुला काय झालं ते काकीला खरंच आठवत नाही. मला आठवतं, म्हणून मी सांगलीला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू पस्तिशीचीही नव्हतीस. बेंबीखाली ही एवढी लांब टाक्यांची ओळ. कितीतरी दिवस बायका बघायला येत होत्या, हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर नारळ, आणि प्रत्येकीला टाके बघायचे असायचे. तू लुगडं जरा सैल करून दाखवायचीस, थोडी मिरवायचीससुद्धा. जन्मात पहिल्यांदा तुला कोणी आयता चहा हातात देत होतं. टाके सुकले, बायका यायच्या बंद झाल्या, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. भर थंडीत सगळे शेकोटीला बसलेले असताना तू पदर बाजूला टाकून गोठ्याच्या गार दगडी भिंतीला पाठ लावून बसायचीस. मिलिटरीतून पेन्शनीत आलेले अण्णा म्हणायचे, "थंडीत घाम? आमच्या हिचं कायतरी येगळंच असतंय." तुझी झोप गेली. भाकरी करपली तरी रडायचीस. एकदा दूध सांडलं म्हणून मला उलथन्याने मारलंस, आणि मग मलाच जवळ घेऊन म्हणालीस, "मला काय हुतंय गं, माजं मलाच कळंना." मी पाचवीत होते, मला काय कळणार? पुढे हाडं ठिसूळ झाली. पन्नाशीत उंबऱ्याशी घसरलीस, मांडीचं हाड मोडलं, ती परत उठलीच नाहीस, त्यातच गेलीस.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "पिशवीबरोबर त्यांची बीजांडंही, म्हणजे अंडाशयंही, काढली असणार. पाळी जायच्या वयातला त्रास म्हणून ऐन तिशीत सुरू झाला." मग माझं काय करायचं ते त्यांनी समजावलं. मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी आत सरकवायची, गाठींना रक्त नेणाऱ्या वाटा बुजवायच्या, म्हणजे गाठी हळूहळू आक्रसतात आणि पिशवी जागच्या जागी राहते. "पण त्याच वाटेनं थोडं रक्त बीजांडांकडेही जातं. काही महिने पाळी थांबू शकते. तुमच्या वयात बहुतेक वेळा परत येते, क्वचित येतही नाही. हमी देत नाही मी." मला एकेचाळिसावं चालू होतं. मुलं नकोच होती आता. मला फक्त तुझ्यासारखं व्हायचं नव्हतं. आई, हे लिहिताना वाईट वाटतं, पण तेच खरं आहे. मी हो म्हटलं.

ते नळीचं ऑपरेशन करून घरी आल्यावर काकी पुडा घेऊन हजर. "दाव बगू टाकं." मी मनगट पुढे केलं. तिथे एक ठिपका, तोही फिकट झालेला. "पिशवीचं आपरेशन आन् मनगटावर? चेष्टा करतीस व्हय गं म्हातारीची?" मी हसून हसून बेजार झाले, पोटात कळ येत होती तरी. टाके नाहीत म्हटल्यावर बघायला दुसरं कोणी आलं नाही आणि मीही चार दिवसांत भाकऱ्या थापायला लागले. मग पाळी थांबली. एक महिना, दोन महिने. नवरा म्हणाला, "रक्त थांबलं, तेच तर पाहिजे होतं ना?" त्याचं काही चुकत नव्हतं. पण डिसेंबरातल्या एका सकाळी शिकवता शिकवता मानेवरून घाम ओघळला आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मुलीवर ओरडले की लगेच गप्प व्हायचे. हा राग माझा की तुझा, मला ओळखू येईना.

फेब्रुवारीत पाळी आली. थोडीशी, साधी, शाळेत असताना यायची तशी. तपासणीतही बीजांडं नीट काम करतायत असंच निघालं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आईच्या वेळी ही नळी असती तर? त्या म्हणाल्या, "नळी कशाला? पिशवी काढावी लागली तरी चांगली बीजांडं तेव्हाही ठेवता आली असती. त्यांना फक्त हात लावायचा नव्हता." सांगलीच्या स्टँडवर विट्याची गाडी लागलेली होती. मी ती सोडली आणि बाकड्यावर बसून रडले, रागाने रडले. तुला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे तुला कोणी सांगितलंही नाही.

तपासणी नीट निघाल्याचं नवऱ्याला, मुलीला, अगदी काकीलासुद्धा मी त्याच दिवशी सांगितलं. तुला सांगायला मात्र इतके महिने लागले. हे कुठे पाठवायचं नाही, ठाऊक आहे. तरी कागद घेऊन बसले की हात थांबायचा. आई, मी वाचले, आणि तुझ्यापुढे ते म्हणायची मला लाज वाटत होती.